गाळलेला काना

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत त्याचं कौतुक झालं, लग्न ठरताना झालं, नोकरीही त्याच्याच जोरावर मिळाली, आणि याच अक्षराने मी आमच्या कॉलनीची वाट लावली. अक्षर जरा गिचमिड असतं तर बरं झालं असतं. लोकांनी ते वाचलं नसतं.

नोकरी होती सरकारी कार्यालयात, नकाशे काढायच्या विभागात, ट्रेसर म्हणून. साहेबांनी पेन्सिलीने आखलेलं शहर आपण ट्रेसिंग क्लॉथवर शाईने गिरवायचं, मग रंग भरायचे. राहायची घरं पिवळी, दुकानं निळी, मोकळी जागा हिरवी. नकाशासोबत एक अहवाल जायचा आणि त्याचं पहिलं पान मीच सुवाच्य अक्षरात लिहायची. उपनगर कसं असावं, तर लहान मुलाला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, म्हाताऱ्या माणसाला दमल्यावर टेकायला बाक असावा, जमीन अशी वापरावी की ती पुढच्या पिढ्यांनाही पुरावी. वाचताना डोळ्यांत पाणी यायचं. हे लिहिणाऱ्या साहेबांच्या स्वतःच्या बंगल्याची भिंत रस्त्यात चार फूट पुढे आली होती, पण तो नकाशा दुसऱ्या टेबलावर होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, सिंहस्थाची तयारी सुरू व्हायची होती. त्या सुमारास माझ्या टेबलावर एक ले-आउट आला आणि तो आमच्याच सोसायटीचा निघाला. नाशकात द्वारकेच्या चौकातून पुणे रस्त्याने थोडं पुढे गेलं की डाव्या हाताला एक मळा होता. मळ्याच्या मालकिणीने, जिला सगळे मावशी म्हणत, तो आमच्या सोसायटीला विकला होता. मेथी, कोथिंबीर आणि कांदे जिथे होते तिथे आता पिवळे चौकोन आले. मधोमध विहीर, विहिरीजवळ एक चिंच, आणि त्यांच्याभोवतीचा तुकडा हिरवा. त्यावर दोनच शब्द होते, मोकळी जागा. तो हिरवा रंग मी स्वतःच्या हाताने भरला, आणि घरचं काम म्हणून जरा जास्तच घोटून भरला.

राहायला गेलो तेव्हा त्या जागेला ना कुंपण होतं ना फलक. सकाळी म्हातारी माणसं फिरायची, दुपारी बायका चिंचेखाली धान्य निवडायच्या, संध्याकाळी पोरांची लगोरी. मावशी सायखेड्याला लेकीकडे राहायला गेली होती, पण चिंचा पिकल्या की बसने यायची, टोपलीभर न्यायची आणि टोपलीभर पोरांना वाटायची. कोणाची जागा, असा प्रश्न कोणी विचारला नाही. विचारायला कोणी रिकामा नव्हता म्हणा, किंवा अजून कार्यकारिणी निवडून यायची होती म्हणा.

आमच्या घरात त्या जागेची खरी गरज होती ती मामंजींना. माझे सासरे पोस्टमन होते. तीस वर्षं नाशकात पायी टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर दोनच वर्षांत अर्धांगाचा झटका येऊन डावा पाय लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "रोज मऊ मातीवर चालवा. बसून राहिले तर पाय कायमचा गेला म्हणून समजा." काठी त्यांना सोसत नव्हती, कारण काठी धरायचा डावा हातही अर्धा गेलेला, आणि उजव्या हाताची काठी म्हणे त्यांना पाडायलाच बघायची. पण माझी सात वर्षांची लेक होती. तिचा खांदा बरोबर त्यांच्या उजव्या तळहाताखाली यायचा. ती काठीसारखी घसरत नव्हती, शिवाय बोलतही होती.

दोघं रोज संध्याकाळी निघायची. कोपऱ्यापासून चिंचेपर्यंत एकशेदहा पावलं, हे मामंजींनी मोजलेलं. दिवाळीपर्यंत खांद्यावरचा हात काढून एकट्याने चिंचेला हात लावून यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. महिन्याभरात शेवटची तीस पावलं ते एकटे चालायला लागले. लेक एक पाऊल पुढे, मागे वळून बघत, आणि हे दात आवळून मागे. घरी आल्यावर आकडा सांगायचे, "आज चौतीस." तो आकडा ऐकायला मी भाजी फोडणीला टाकायची थांबायची.

मग कार्यकारिणी निवडून आली.

अध्यक्ष खडी-वाळूच्या धंद्यातले होते. कॉलनीतल्या निम्म्या घरांना खडी त्यांनीच पुरवली होती, त्यामुळे कॉलनी आपणच बांधली असा त्यांचा समज होता. त्यांच्या मते मोकळ्या जागेला फलक नाही ही मोठीच नामुष्की होती. फलक करायचा ठरला, भद्रकालीच्या बाजारातून पत्रा कापून आणला, आणि रंगवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

"वहिनी, काय लिहायचं ते मी सांगतो," अध्यक्ष म्हणाले. "भाषणात म्हणतात ना, अबालवृद्ध. लहानथोर सगळे. तेच टाका. ही जागा अबालवृद्धांसाठी राखीव."

"आबालवृद्ध," मी म्हटलं. "आ. काना आहे त्याला."

"तेच ते."

मी पेन्सिलीने सगळी ओळ आखून घेतली. ही जागा आबालवृद्धांसाठी राखीव. अक्षरं सारखी, अंतरं सारखी, दोन्ही बाजूंना सारखा समास. आमच्या कार्यालयातल्या मोठ्या ड्राफ्ट्समननेही मान डोलावली असती. शेवटच्या दिवशी अध्यक्ष पुन्हा आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "याला जोर नाही. फक्त टाका. ही जागा फक्त अबालवृद्धांसाठी राखीव."

फक्त सगळ्यांसाठी! मी त्यांना समजावून बघितलं की सगळ्यांसाठी म्हटल्यावर फक्त येत नाही. ते म्हणाले, फक्त टाकल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. अनावरण दुसऱ्या दिवशी सकाळी, रंग वाळायला रात्रच हातात. पत्रा काही वाढणार नव्हता. मी फक्त घुसवलं, अक्षरं सरकवली, पुन्हा आखली, तरी ओळ एका उभ्या दांड्याएवढी बाहेर जात होती. अक्षरं चेपावी तर ओळ गिचमिड दिसणार, आणि गिचमिड ओळ माझ्या हातून कधी गेली नव्हती. मी पेन्सिलीचा एक काना खोडला. म्हटलं, एवढ्याने काय होतंय! अध्यक्ष तरी कुठे आ म्हणतात.

फलक झकास दिसला. नारळ फुटला, पेढे वाटले. देवळालीच्या तोफांचा सराव नेमका तेव्हाच सुरू झाला आणि अध्यक्षांना ती सलामीच वाटली.

आमच्या कॉलनीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. फलकाचा मजकूर त्यांना विचारल्याशिवाय ठरला, याचा राग त्यांनी पेढ्याबरोबर गिळला होता. तो आठ दिवसांनी वर आला. ते चिंचेखालच्या बाकावर बसून चहा पीत असताना लगोरीचा चेंडू कपावर आदळला आणि चहा धोतरावर सांडला. गुरुजी उठले. धोतर झटकत फलकापाशी गेले आणि बोट टेकवून एकेक अक्षर वाचू लागले.

"अ-बाल. म्हणजे जो बाल नाही तो. अबाल असे जे वृद्ध ते अबालवृद्ध. कर्मधारय समास! आणि वर फक्त लिहिलंय, फक्त! पळा रे सगळे. ही जागा तुमची नाही."

चेंडू त्यांनी खिशात टाकला. बाकावरच्या बाकी म्हाताऱ्यांना समास कळला नाही, पण निकाल कळला आणि आवडला. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावर दोघं जण आळीपाळीने पहाऱ्याला उभे राहायला लागले. सगळी हयात मस्टरवर सह्या करण्यात गेलेली माणसं, इतक्या वर्षांनी हातात अधिकार आला होता.

त्या संध्याकाळी मामंजी आणि लेक नेहमीसारखी गेली. गुरुजी स्वतः पहाऱ्यावर होते.

"आपण या," ते मामंजींना म्हणाले. "ती नको."

"ती माझी काठी आहे," मामंजी म्हणाले.

"मग काठी आणा ना. काठीला वय नसतं. एकीला सोडलं की उद्या सगळी पोरं आत."

हे मला लेकीने रडत रडत सांगितलं. मामंजींनी माळ्यावरची काठी काढायला लावली. दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन एकटे गेले आणि आले. त्या दिवशी आकडा सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी ते विसाव्या पावलाला गुडघ्यावर आपटले. त्यांना उचलायला चार वृद्ध धावले आणि त्यांतल्या दोघांना उचलायला आणखी दोघं लागले. हे मी आज हसत लिहितेय, तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. त्यानंतर मामंजी तिकडे गेले नाहीत. रस्त्यावर चालावं तर अध्यक्षांचे खडीचे ट्रक. मग ते आमच्या ओट्यावर चालायला लागले. ओटा बारा पावलांचा होता, वळताना भिंत धरायची.

अशात चिंचा पिकल्या आणि मावशी आली. कोपऱ्यावर तिला कोणी अडवलं नाही, तिच्या सुरकुत्याच पुरेशा होत्या. टोपली भरली, वाटायला एकही पोर नाही. ती आमच्या ओट्यावर येऊन टेकली.

"काय लिवलंय गं त्या पत्र्यावर?"

मी सांगितलं.

"आन् आमच्या येळंला काय लिवलं व्हतं? काईच नाय. म्हनून तर सम्दे येत व्हते." तिने मूठभर चिंचा लेकीच्या फ्रॉकमध्ये टाकल्या. "लय शिकलेली मान्सं हायेत बाई तुम्ही."

कान्याचा घोळ माझा होता आणि तो मीच मिटवायचा, असं ठरवून मी सोसायटीच्या सभेला गेले. नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यात दुसरी पाळी, त्यामुळे घरातून मीच. सभेत पोरांच्या बापांनी आरडाओरडा केला की शब्द आबालवृद्ध असाच असतो, काना राहिलाय. गुरुजी शांतपणे उठले.

"फलक कोणी लिहिला? या वहिनींनी. त्या कुठे नोकरी करतात? जिथे या कॉलनीचा नकाशा मंजूर झाला तिथे. रोज ओळीओळीत केसाएवढा फरक पकडणारी बाई काना विसरेल? वहिनी, तुम्हीच सांगा. जे लिहिलंय ते बरोबर आहे ना?"

सगळी सभा माझ्याकडे वळली. त्या सभेत मला कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. सगळे पुरुष, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत माझ्या अक्षराबद्दल आदर. चुकलं म्हणायला तोंड उघडायचं होतं. मी मान हलवली. होकारार्थी हलवली. एवढंच. गुरुजी हात जोडून खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींची दाढी करताना मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. वस्तरा हातात असला की समोरचा माणूस मधे बोलत नाही, हा एक फायदा. साबण पुसल्यावर ते म्हणाले, "सूनबाई, तीस वर्षं टपाल वाटलं. पाकिटावर काना नाही, मात्रा नाही, कधीकधी नावसुद्धा नाही. एकदा नुसतं लिहिलं होतं, मारुतीच्या मागे म्हातारीला मिळो. पोचवलं. घर ठाऊक असलं की पत्त्यातल्या चुका काढत बसायचं नसतं. आणि इथे घर सगळ्यांना ठाऊक आहे. यांना पोचवायचंच नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "सांगशील त्यांना?"

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. सरकारी नोकरीत मी एक शिकले होते, स्वतःची चूक स्वतः दुरुस्त करायची नसते, ती वरून दुरुस्त करून घ्यायची असते. मी अध्यक्षांना सुचवलं की एवढा वाद आहे तर कार्यालयाकडूनच खुलासा मागवा. म्हणजे आमचे साहेब लिहितील आबालवृद्ध, मी गुपचूप काना लावीन, माझं अक्षरही राहील आणि मामंजींचा पायही. अर्ज गेला. फिरत फिरत काही महिन्यांनी तो माझ्याच टेबलावर आला, कारण कॉलनी माझी होती. मोठ्या ड्राफ्ट्समनने विचारलं, "बाई, मूळ नकाशात काय आहे?" मी कपाटातून नकाशा काढून दिला. मोकळी जागा. त्यावरून खुलासा लिहिला गेला. अर्ज गेला तेव्हा गाव नगरपालिकेचं होतं, खुलासा कॉलनीत पोचला तेव्हा महापालिका झाली होती. मजकूर एका ओळीचा होता. मंजूर नकाशात अबालवृद्ध असा कोणताही शब्द आढळून येत नाही.

ते वाचून अध्यक्षांचा चेहरा खुलला. वाचायचं कसं ते एव्हाना गुरुजींकडून शिकले होते.

"म्हणजे ही जागा बालांसाठी पण नाही आणि वृद्धांसाठी पण नाही," ते सभेत म्हणाले. "मग उरलं कोण? आपण!"

आपण म्हणजे चाळिशी-पन्नाशीतली माणसं, ज्यांना त्या जागेवर कधी पाऊल ठेवायला वेळ नव्हता. ठराव झाला, बहुउद्देशीय सभागृह. खडी आणि वाळू कोणाची, हे विचारायची गरज नव्हती. विहीर त्याच खडीने बुजवली. चिंच एका सकाळीत पडली. त्या वर्षी मावशी आली, रिकामी टोपली घेऊन उभी राहिली आणि आमच्याकडे पाणीसुद्धा न पिता परतीच्या बसला गेली.

काम चालू असताना गुरुजी आमच्या घरी आले. बाकच गेला होता, बसणार कुठे!

"वहिनी, मी विचार केला. तो शब्द आबालवृद्ध असाच असणार हो. अव्ययीभाव समास. तुम्ही तेवढा काना लावून टाका, मग आपण दोघं मिळून अर्ज करू."

मी त्यांना दारातूनच दाखवलं. गवंड्यांनी फलक आडवा टाकला होता आणि माझ्या अक्षरांवर सिमेंट कालवत होते. इतक्या वर्षांत माझ्या अक्षराचा कोणाला थेट उपयोग झालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

ओट्यावरच्या बारा पावलांची आधी दहा झाली, मग सहा. मग मामंजी खाटेवरून दिसेल तेवढं बघायला लागले, आणि दिसत होती ती सभागृहाची भिंत. लेक शाळेतून आली की त्यांच्या उशाशी बसायची. तिचा खांदा आता त्यांच्या हाताच्या खूप वर गेला होता. ती तेरा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात मामंजी गेले.

अध्यक्षांनी मनाचा मोठेपणा दाखवला. तेराव्याच्या जेवणासाठी सभागृह दिलं. दारावर नवी पाटी होती, शहरातल्या पेंटरने रंगवलेली. त्यावर आबालवृद्ध सभागृह असं लिहिलं होतं. काना ठसठशीत होता. अख्खी कॉलनी जेवायला आली, कडेवरच्या पोरांपासून काठी टेकणाऱ्यांपर्यंत. दाराशी कोणी कोणाचं वय विचारलं नाही. सगळे म्हणत होते, हॉल प्रशस्त झाला, हवा खेळती आहे.

मी पंगतीत लाडू वाढत होते. लेक बाहेरच उभी होती, साधारण जिथे पूर्वी पहारा असायचा तिथे. गुरुजी हात धुवायला उठले आणि त्यांनी तिला बघितलं. म्हातारे झाले होते, डोळ्यांत खरोखरच माया होती.

"बाहेर का उभी? आत ये ना, बाळ."

"बाळांना इथे मनाई आहे ना, गुरुजी?" ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण पहिल्या पंगतीपर्यंत ऐकू आला. गुरुजींनी तोंड उघडलं. कुठला तरी समास सुचतोय असं वाटलं, पण सुचला नाही. अध्यक्ष पानातल्या भाताकडे बघत राहिले. मग तिने माझ्याकडे बघितलं, मी काहीतरी म्हणेन म्हणून. पुन्हा सगळी सभा माझ्याकडे बघत होती, आणि मी पुढच्या पानावर लाडू वाढला.

ती घरी निघून गेली. काना कोणी खोडला आणि विचारलं तेव्हा मान कोणी हलवली, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही. हे सगळं मी आधी पाटीवर लिहावं तशा सुंदर अक्षरात लिहून काढलं होतं. ते फाडलं आणि पुन्हा लिहिलं, गिचमिड येईल तसं.